मागच्या खोलीतली रेंज

धाकटीने परीक्षेचं पुस्तक घरी आणलं तेव्हा बाबा अंथरुणातूनच म्हणाले होते, "आली का इंजिनीअरीण!" इंटरनेटच्या कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारी पोरगी ती. 'वायफायचा डबा एकदा बंद करून चालू करा' यापलीकडे तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वायरलेसची परीक्षा पास झालं की खुर्चीतून सुटका आणि घरोघरी जाऊन जोडणी करायचं काम. म्हणून रोज बाबांना भरवून झालं की ती पुस्तक उघडायची आणि जांभया द्यायची.

पहिले धडे मात्र तिला आवडले. सिग्नल भिंतीत अडतो, लोखंडात अडतो, पाण्यातसुद्धा अडतो. मग काय विचारता, बाई फोन हातात धरून घरभर फिरायला लागल्या. वायफायचा डबा पुढच्या खोलीत, बाबा मागच्या, आणि मधे स्वयंपाकघराची भिंत नि तिला टेकलेलं लोखंडी कपाट. बाबांच्या उशाशी रेंजची जेमतेम एक काडी. तुझा सिग्नलही माझ्यासारखाच दारापर्यंत येऊन दमतो, असं बाबा म्हणाले आणि दोघं हसली.

त्याच आठवड्यात बाबांनी थोरल्याचं नाव काढलं.

थोरला म्हणजे तिचा दादा. बाबा शिंपी. दुकान वाढवलं ते त्याच्यासाठी, आणि त्याने कात्रीला हात लावणार नाही म्हणून सांगून परदेश गाठला. जाताना बाबा त्याला नको नको ते बोलले होते. तेव्हापासून फोनवर 'बरा आहेस?', 'बरा आहे', संपलं. दोघंही हट्टाला पेटलेले. आता डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं, आणि बाबांना ते न सांगताच कळलं होतं.

"मला त्याच्याशी बोलायचंय," ते म्हणाले. "मनातलं सगळं. तू नकोस तिथे."

त्यांना उचलून पुढे आणणं शक्य नव्हतं आणि डब्याची वायर टीचभर. साध्या फोनला त्या खोलीत रेंज कधी नव्हतीच. धाकटी तर अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. तिने डब्याची सेटिंग उघडली आणि त्याची ताकद होती तेवढी सगळी वाढवली. मागे जाऊन पाहते तर उशाशी काड्या फुल! तिचा जीव भांड्यात पडला. अहो, कंपनीतल्या एखाद्या जोडणीवाल्याला विचारायचं तरी. पण नाही. आपल्या हाताने काही जमलं की माणसाला दुसऱ्याला विचारायचं सुचत नाही.

थोरल्याला व्हिडिओ कॉल लावून फोन उशीला टेकवला. थोरल्याचा चेहरा स्वच्छ दिसला, आवाजही आला. धाकटीने दार लावून घेतलं आणि पुढच्या खोलीत धडा वाचत बसली. आतून बाबांचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच ते रडताहेत असं वाटलं, म्हणून ती उठली आणि पुन्हा बसली.

आत गेली तेव्हा बाबांचा चेहरा इतका हलका झाला होता की तिलाच भरून आलं. "बोललो बाई सगळं," ते म्हणाले. "मान हलवत होता पोरगा. रागावला नाही."

पुढच्या आठवड्यात बाबा गेले. थोरला वेळेवर पोचू शकला नाही.

परीक्षा टाळावी असं खूपदा मनात आलं, पण बाबांनी टोमणा मारला असता म्हणून ती वाचत राहिली. आणि एका दुपारी तो धडा आला. डब्याची ताकद वाढवली की फोनवर काड्या भरतात, पण फोनची ताकद आहे तेवढीच राहते. डब्याचं फोनला ऐकू येतं, फोनचं डब्यापर्यंत पोचत नाही. नवशिक्यांची नेहमीची चूक, असं वर चौकटीत छापलेलं. धाकटीने ती चौकट पुन्हा पुन्हा वाचली. मग तिने स्वतःची समजूत काढली, की दादाने मान हलवली म्हणजे ऐकलं असणारच.

परीक्षेत तोच प्रश्न आला. तिने बरोबर उत्तर दिलं आणि पासही झाली.

संध्याकाळी तिने दादाला फोन लावला. त्याने शाबासकी दिली, मग जरा घुटमळला.

"एक विचारू? इतके दिवस धीर झाला नाही. बाबा त्या दिवशी फोनवर काय सांगत होते गं?"

"तू ऐकलं नाहीस?"

"एक शब्द नाही. चित्रही अडकत होतं, मधूनच ओठ हलताना दिसायचे. ऐकू येत नाही असं सांगणार होतो. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एवढं बोलत होते ते. थांबवलं असतं तर पुन्हा बोलले नसते. म्हणून मान हलवत राहिलो. म्हटलं, तू असशीलच जवळ, नंतर तुला विचारीन."

"दादा, मी दार लावून घेतलं होतं."

धाकटी डब्याशेजारीच उभी होती, त्यामुळे दादाचा श्वाससुद्धा तिला स्वच्छ ऐकू येत होता, आणि तिचं रडणं त्याला.