साडेतेवीस हजार ठिपक्यांचं चित्र

संगणकाच्या माऊसच्या डाव्या कानावर मातीचा एक डाग होता. वाळलेला, भुरा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो नखाने खरवडून टाकायचा सोडून बोमी त्याच्याकडे बघतच बसली होती, कारण त्या डागावर बारीक बारीक रेषा उमटल्या होत्या, बोटाच्या, आईच्या बोटाच्या… म्हणजे काल आपण गावात वाचनालयात गेलो होतो तेव्हा आईने या यंत्राला हात लावला होता! ज्या आईने "हे तुमचं, मुलांचं, मला ओढू नका त्यात" म्हणत सात वर्षं या टेबलापासून चार हात लांबून केर काढला, तिने. बोमीला एकदम हसू फुटलं. एकटीच हसली, मोठ्याने. हल्ली ती अशी हसायची.

पडद्यावर दादाने, जेहाने, केलेलं चित्र होतं.

खरं म्हणजे ती रांजणांच्या दुकानाची वेबसाइट होती, पण वेबसाइट म्हणजे एकच चित्र. आठशे साठ ठिपके रुंद आणि साडेतेवीस हजार ठिपके उंच. सगळ्यात वर धुक्यातली भट्टी, मग मातीने माखलेले बाबांचे हात, मग एकेक रांजण काळ्याभोर पाठीवर उजेडाची रेघ घेऊन उभा, आणि त्यांच्या मधूनमधून दादाने स्वतः निवडलेल्या, स्वतः वाकवलेल्या अक्षरांत सगळं काही: आकार, किंमत, माती कुठली, फोन नंबर. इथे सगळेच असं करतात. दुकानाचं पान म्हणजे लांबच लांब चित्र, अंगठ्याने वर सारत जायचं. पण दादाचं चित्र नुसतं लांब नव्हतं, ते सुंदर होतं. सैन्यात भरती व्हायच्या आधीचा अख्खा महिना तो या खुर्चीत बसून ते करत होता आणि शेजारी बसून मी भाताच्या कुरकुरीत चकत्या खात होते, कुर्रकुर्र, त्याच्या कानाशी… "बोमे, तोंड बंद करून चाव नाहीतर तुझाच रांजण करीन." मग डोक्यावरचे केस उतरवून तो गेला आणि चित्र राहिलं.

आणि आज ते काढून टाकायचं होतं. मीच काढणार होते. आणि दादाला अजून सांगितलेलं नव्हतं.

दर रविवारी पाचला त्याचा फोन येतो. आज रविवार, आणि आता साडेतीन.

हे सगळं सुरू झालं ते वीस कोबी मावणाऱ्या रांजणापासून. शरदातली भट्टी उघडली तेव्हा त्या मापाचे चार तडकलेले निघाले आणि तीन धड. तिन्ही आठवड्यात गेले. चित्रात मात्र तो रांजण होता तस्साच, ऐटीत, "तयार आहे" असं कपाळावर मिरवत. ते दोन शब्द बदलायचे तर दादाच्या संगणकातली मूळ फाइल हवी, त्याचा पासवर्ड हवा, मुळात दादाच हवा, आणि तो तर उत्तरेच्या डोंगरात बर्फ उपसत होता. किमची, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं लोणचं, घालायचे दिवस तोंडावर आलेले. रोज फोन. आणि आई रोज फोन कानाला लावून कमरेत वाकून माफी मागायची.

"आई, फोनवरच्या माणसाला दिसतंय का तू वाकलेली?"

"दिसत नाही म्हणून वाकायचं नाही? वा गं वा!"

त्या "वा गं वा"ने बोमीच्या डोक्यात काहीतरी टुणकन उडी मारून उभं राहिलं. गेल्या वर्षीची बोमी असती तर गप्प बसली असती. गेल्या वर्षीची बोमी हजेरीला "हजर" म्हणायची तेही स्वतःच्या वहीला सांगितल्यासारखं. पण जूनमध्ये शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळाचं इंटरनेटवरचं पान कुणालाच सापडेना, आणि सगळे मुलगे माना हलवत बसले असताना मागच्या बाकावरून एक आवाज आला, "त्याला शीर्षकच नाहीये, सापडेल कसं?" आणि तो आवाज माझा होता… अजून कधीकधी दात घासताना तिला ते वाक्य आठवायचं आणि आरशातल्या फेसाळ तोंडाला ती मान द्यायची.

तर तीन आठवडे खपून बोमीने नवं दुकान मांडलं, चित्राच्या पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असं. तिथे प्रत्येक रांजणाला स्वतःचं पान होतं आणि प्रत्येक शब्द खराखुरा शब्द होता. टाइप केलेला, पुसता येणारा, उचलून दुसरीकडे ठेवता येणारा. कारण शोधयंत्र चित्र बघतं, वाचत नाही. थोडंफार वाचत असलं तरी त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. दादाचं सगळं चित्र त्याला एक लांबडा सुंदर डाग. त्या डागापुढे "रांजण, किमची, श्वास घेणारी माती" असं हजारदा विचारलं तरी तो आपला मुका. म्हणून तर शोधलं की आपण आठव्या पानावर आणि डोंगरापलीकडच्या भट्टीवाल्याचा जावई पहिल्या! त्याच्या रांजणात पाणीसुद्धा धड टिकत नाही. (हे बाबांचं मत. आई म्हणते, टिकतं, पण तू ते कुणाला सांगू नकोस.)

शब्द मात्र आईकडून आले. बाबा रांजणांना आजोबांपासूनच्या नावांनी हाक मारतात, भट्टीत कुठे बसतो त्यावरून: तोंडाजवळचा, मधला थोरला, धुराड्याखालचा. दादानेही चित्रात तीच नावं मोठ्या प्रेमाने घातली होती. पण "धुराड्याखालचा" असं जगात कोण शोधणार? आणि मग फोनशेजारी लटकलेली शेतकरी संघाची दिनदर्शिका बोमीच्या नजरेस पडली. रोज दिसायची, पहिल्यांदा नजरेस पडली. तारखांच्या चौकोनांत आईने फोनवर माणसं काय मागतात ते त्यांच्याच भाषेत लिहून ठेवलं होतं, दोन वर्षांचं, कारण मागे गेल्या वर्षीचीही तशीच लटकत होती, पेन्सिलीने: वीस कोबी मावतील असा. गच्चीत एकटीने उचलता येईल असा. सोयाबीनच्या चटणीला बुरशी धरू न देणारा. सुनेला द्यायला, फ्लॅटमध्ये मावेल असा लहान… बोमी ते वाचता वाचता खुर्चीवरून उठून उभी राहिली. माणसं यंत्राला जे विचारतात तेच हे! आईने दोन वर्षं नकळत तेच गोळा केलं होतं, पेन्सिलीने. तिने एकेक ओळ उचलली आणि एकेका रांजणाच्या पानाचं शीर्षक केली, आणि बाबांची नावं खाली ठेवली, लहान अक्षरांत, पण ठेवली.

मग फोटो. प्रत्येक फोटोमागे एक वाक्य लिहायचं असतं, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी, मग तो माणूस असो की यंत्र. बाबांना विचारायला ती शेडमध्ये गेली होती. ते पायाने चाक फिरवत होते, हातातली थापी ओल्या मातीवर टप् टप्.

"बाबा, या फोटोत काय दिसतंय तुम्हाला?"

"रांजण."

"अहो, ते मलाही दिसतंय!"

"मग मला कशाला विचारतेस?" पण थापी थांबली होती. हात पुसून त्यांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. "हा बघ, खांद्यावर राख उडालीय याच्या. वारा पूर्वेचा होता त्या दिवशी. आणि बोटांची ही नागमोड… तीन बोटांची. घाईत काढलीय. तुझा दादा जायचा होता सकाळी." मग फोन परत देऊन म्हणाले, "हे नको लिहूस."

बोमीने लिहिलं: खांद्यावर राखेची झाक, पोटावर तीन बोटांची नागमोड. बाकीचं नाही लिहिलं. बाकीचं तिच्याजवळ राहिलं.

"उठ, मला बसू दे." आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. कमरेला ओला फडका, हाताला आल्याचा वास. "काल मी ते बटण दाबून बघितलं, बाण हलतो."

"हलणारच आई, त्यासाठीच असतो तो!"

"शहाणी! सांग आता. वीसवाला संपलाय, काय करायचं?"

बोमीने नव्या दुकानाची मागची खोली उघडली. तिथे तिने सगळं काढून टाकून तीनच गोष्टी ठेवल्या होत्या: रांजणाचं नाव, किती उरले, आणि एक हिरवं बटण. आईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, एका बोटाने, दारावरची घंटा वाजवतात तसं, तीनचं शून्य केलं. हिरवं बटण दाबलं. शेजारच्या चौकटीत त्या रांजणाखाली शब्द उमटले: पुढच्या भट्टीत.

आईने ते शब्द बोट टेकवून पुन्हा वाचले.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे जेहाला फोन नाही?"

"नाही."

"आणि मला वाकायला नको?"

"वाकायचं असेल तर वाक, हौस म्हणून."

आईने फाडकन तिच्या पाठीत धपाटा घातला आणि हसली… आणि थांबेचना. सुनेसाठीच्या लहान रांजणाचे सहाचे पाच केले (एक तिच्या बहिणीला द्यायचा होता, हे बाबांना माहीत नव्हतं), आणि मग, "हे बाहेर सगळ्यांना कधी दिसणार? दाब की गं कार्टे, वाट कसली बघतेस?"

बाहेर काढायचं बटण तिथेच होतं, उजव्या कोपऱ्यात. ते दाबलं की पुढचं मागे जाणार आणि मागचं पुढे येणार. दादाचं चित्र जाणार. बोमीचं बोट माऊसवरच्या त्या मातीच्या डागावर टेकलेलं राहिलं. तिने ठरवून ठेवलं होतं की आत्ता दाबायचं आणि पाचला काहीच बोलायचं नाही. किमची, थंडी, जेवलास का, एवढंच. नाताळात सुट्टीवर येईल तेव्हा बघेल. पण तो बघणार नाही का बराकीत बसून? चकाकत्या काळ्या रांजणांच्या जागी पांढरं पान आणि माझी साधीसुधी अक्षरं. म्हणेल, मी घरातून गेलो आणि यांनी माझी खोली आवरली…

"तळाचं राहिलंय थोडं," ती म्हणाली. खरंच राहिलं होतं. चित्रातल्या सगळ्या शब्दांचे खरेखुरे शब्द करायचे होते, आणि अगदी खालची पट्टी तिने शेवटी ठेवली होती, पत्ता आणि बसथांबा, त्यात काय. ती खाली खाली सारत गेली… बावीस हजार, तेवीस हजार… भट्टी विझली, रांजण संपले, पत्ता आला, बसथांबा आला, आणि त्याच्याही खाली, गडद करड्यावर जरासं कमी करड्या रंगात काहीतरी होतं. धूळ? तिने पडद्यावर बोट फिरवलं. धूळ नव्हती. तिने ते मोठं केलं, आणखी मोठं.

रांजण: बाबा. वाजवून बघणं: आई. चित्र: जेहा. शेजारी बसून डोकं खाणं: बोमी.

दीड वर्ष. दीड वर्ष ते तिथे होतं, आणि ते ना कुठल्या यंत्राला वाचता आलं ना कुणा माणसाला. एवढ्या खाली येतंच कोण? कुणासाठी लिहिलं असेल त्याने? स्वतःसाठी? की कधीतरी कुणीतरी एकेक शब्द उचलत शेवटपर्यंत येईल म्हणून… पण ते कुणी म्हणजे मी, आणि हे त्याला कसं ठाऊक असणार, त्याला नसेलच ठाऊक. ती मोठ्याने हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि आई म्हणाली, "काय झालं? बिघडवलंस ना काहीतरी?"

"नाही गं." तिने ती ओळ टाइप केली. खरीखुरी अक्षरं, पांढऱ्यावर काळी, बसथांब्याच्या खाली. आता आठ कोबींचा रांजण शोधणाऱ्या कुणालाही कळू शकणार होतं की बोमी डोकं खाते.

शोधयंत्र कधी येऊन वाचेल ते सांगता येत नाही. चार दिवस, चार आठवडे. भट्टी निवायला टाकल्यावर बाबा कुणाला विटा हलवू देत नाहीत. आत काय झालंय ते झालंय, म्हणतात, आता तुमच्या बघण्याने बदलायचं नाही. लहानपणी मी भिंतीला गाल लावून बसायचे, गरम, आणि वाटायचं आतले सगळे आपल्यासारखेच श्वास धरून बसलेत.

"अगं, दाब!"

"पाच वाजू दे, आई."

"पाचला काय?"

"त्याला सांगते, मग दाबते."

"आणि नको म्हणाला तर?"

नको म्हणाला तर… बोमीने त्या प्रश्नाकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की सकाळी जी भीती होती ती जागेवर नाही. कुठे गेली? नको म्हणेल, तर भांडेन. हो म्हणेल, तरी भांडेन, एवढं सुंदर चित्र तू एका तुकड्यात का केलंस म्हणून. तिला त्याच्याशी भांडायचं होतं, कडकडून, कानाशी कुर्रकुर्र वाजवत.

पाचला खिडकीच्या फळीवर फोन थरथरला. लगेच नाही उचलला तिने. नवा रांजण पुढ्यात घेऊन आई बोटाच्या पेराने टक् करते आणि मान तिरकी करून थांबते, आवाज आत फिरून परत येईपर्यंत. तशीच मान तिरकी करून तीही थांबली, एक वाजणं, दुसरं वाजणं… आणि कुठेच तडा ऐकू येत नव्हता.