ओढा सरकला, मी नाही

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, कापडाचा. पेटीत ठेवा की काचेमागे, माझा जीव काही स्वस्थ नसतो.

मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात, सांता रुफिना गावच्या बायकांनी कंबरेला बांधायच्या मागावर माझ्या तीन पट्ट्या विणल्या आणि एकीला एक जोडून शिवल्या. एका म्हाताऱ्याने निवडुंगावरचे किडे वाटून लाल रंग केला, त्याने डोंगर काढले. मग निळा ओढा. आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर इवली इवली पावलं. त्या दिवशी दोन्ही गावं शिवेवरून चालली होती; आमचं या काठाने, वरचं गाव त्या काठाने. शेवटी एकाच झाडाखाली जेवली होती.

पुढे मी चर्चच्या पेटीत पडलो. सणाला तेवढा ऊद दाखवत. उंदरांनी माझा एक डोंगर खाल्ला, कुणी विचारलं नाही.

मग एका पुरात ओढा आमच्या अंगाला सरकला. पलीकडे गेलेल्या जमिनीत वरच्या गावाने मका पेरला, घर बांधलं. त्याच घरात निकासियामावशी जन्मली, म्हातारी झाली.

मागच्या साली तिथून सडक जायचं ठरलं, जमिनीला पैसे मिळणार म्हटल्यावर सगळ्यांना माझी आठवण झाली. आमचा सरपंच फिलेमोन मला घेऊन तिच्या अंगणात गेला.

“मावशी, बघ. या कापडावर ओढा तुझ्या घराच्या मागे आहे. म्हणजे जमीन आमची. कापड खोटं बोलत नाही.”

“खोटं कुठे म्हणते मी? पण माझ्या आजीच्या आधीच बोलून गप्प बसलंय ते. ओढा तेव्हापासून चालतोच आहे, त्याचं काय?”

“ते कोर्टात सांग.”

“सांगेन. आधी भाकरी खा. लहानपणी याच चुलीपुढे येऊन बसायचास, तेव्हा नकाशा नव्हता आणत.”

त्याने खाल्ली. मान वर न करता.

कोर्टात निळ्या रेषेवरून बोट फिरलं. पावलांकडे कुणी पाहिलं नाही. मला सांगायचं होतं, पण कापडाला कुठलं तोंड?

आम्ही जिंकलो. गावात बँड वाजला. निकासियामावशीने घराचं दार काढून पाठीला बांधलं आणि ती वर निघून गेली. चूल तिथेच राहिली.

आता मी काचेमागे आहे. लोक कौतुक करतात, मला चैन नाही. मित्रांनो, जुने नकाशे जपा, त्यांना कसर लागू देऊ नका. पण रेषेवर बोट ठेवण्याआधी तिच्या काठाकाठाने कोण चाललं होतं, तेही बघा.

यंदा ओढा पुन्हा काठ खातो आहे, या खेपेला फिलेमोनच्या मक्याकडचा. तो रोज संध्याकाळी माझ्यापुढे येऊन उभा राहतो. हल्ली त्याची नजर पावलांवर असते.