शेवटच्या दाराची दुरुस्ती

रविवारी सकाळी दहाला दीर आला. चहाचा ओला कप त्याने वहिनीच्या कॉम्प्युटरच्या टेबलावर तसाच टेकवला आणि तिची खुर्ची ताब्यात घेतली.

"दोन तास दे," तो म्हणाला. "जुन्या खेळाची आधी डागडुजी करावी लागते. तुला नाही जमायचं ते."

वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पंधरवड्यातून एक रविवार तिच्या वाट्याला येतो. हा रविवार तिने कॉलेजात असताना खेळलेल्या एका कॉम्प्युटर गेमसाठी राखला होता. चार सोबती गोळा करायचे, गावोगाव फिरायचं, राजाचा घात कोणी केला ते शोधायचं, असा तो खेळ. सोळा वर्षांपूर्वी ऐंशी तास खेळून ती शेवटच्या किल्ल्याच्या दारापाशी पोहोचली होती. किल्ली हातात होती, पण दार उघडलं नाही. चूक खेळातच होती, आणि खेळ बनवणारी कंपनी तोवर बुडाली होती. आता कोणा हौशी मंडळींनी त्या दारासाठी पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारी फाइल, तयार केला होता. घातकी कोण, हे तिने इतक्या वर्षांत कुठे वाचलं नव्हतं, कोणाला सांगू दिलं नव्हतं. "नेटवर बघून मोकळी हो ना," असं नवरा एकदा म्हणाला, तेव्हा दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

पॅचचा क्रम तिने चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता. आधी कंपनीचा, मग दाराचा, शेवटी रुंद स्क्रीनचा. दिराने रुंद स्क्रीनचा आधी टाकला.

"बघायला बरं वाटतं म्हणून," तो म्हणाला. सगळ्यांचे चेहरे भाकरीसारखे पसरले आणि अक्षरं गायब झाली. सगळं पुसून पुन्हा सुरुवात. वेफर्सचा चुरा कीबोर्डच्या फटीत जात होता. दाखवायचं असलं की तो तेलकट अंगठा थेट स्क्रीनवर टेकवायचा.

बाराच्या सुमारास वहिनी डोकावली. स्क्रीनवर तोकड्या चिलखतातली एक तरुणी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ही कोण?"

"गावातली सुईण. नवे चेहरे टाकलेत. फुकट मिळाले."

"सुईण साठीची आहे, भावजी."

"होती. आता नाही."

"काढा ते."

"तुझं काय जातंय? बघायलाच तर आहे."

"मला किळस येते. काढा."

त्याने तोंड वाकडं करून चेहरे काढले. नवरा कपडे वाळत घालता घालता आतून म्हणाला, "त्याला करू दे गं त्याच्या पद्धतीने." वहिनी भांडी घासायला गेली, कारण तिथे उभं राहिलं असतं तर तोंडून काहीतरी निघून गेलं असतं.

पावणेदोनला हात पुसत ती परत आली. स्क्रीनवर किल्ल्याचं दार सताड उघडं होतं. आत सिंहासनापाशी म्हातारा वैद्य मुकुट हातात घेऊन उभा होता आणि पायाशी राजा पडला होता. खाली खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची यादी सरकत होती.

"उघडलं बघ," दीर म्हणाला. "कोणीतरी दारापर्यंत खेळून ठेवलेला सेव्ह नेटवरून उतरवला आणि तपासून घेतलं. उगाच ऐंशी तास खेळून पुन्हा अडकली असतीस."

वहिनी यादी संपेपर्यंत उभी होती. वैद्य त्या चार सोबत्यांपैकी एक होता.

"आमच्याकडे नमुन्याच्या नळीचं सील असतं," ती म्हणाली. "ते नीट आहे का बघायला आम्ही ते फोडत नाही."

"अगं, पण चालतंय ना? चालतंय याची खात्री नको?"

"उठा."

"रागावलीस? शेवट तर तसा बरा आहे. मला वाटलं होतं राणी असेल."

"भावजी, उठा तिथून."

तो उठला. बाहेरच्या खोलीत जाताना वेफर्सची पिशवी घेऊन गेला, चुरा ठेवून गेला. वहिनीने त्याने उतरवलेला सेव्ह पुसला आणि नवा खेळ सुरू केला. चेहरे नीट होते, अक्षरं नीट होती. काम त्याने चोख केलं होतं.

पाऊण तासात ती पहिल्या गावातल्या धर्मशाळेत पोहोचली. कोपऱ्यातला वैद्य उठून पुढे आला. जखमा बांधीन, मोबदला नको, मला सोबत न्या, असं म्हणाला. सोळा वर्षांपूर्वी तिने क्षणाचाही विचार न करता त्याला घेतलं होतं. सगळ्या सोबत्यांत तोच तिला आवडायचा. मध्यंतरी कधी दवाखान्याच्या रांगेत बसलेली असताना त्याचे विनोद आठवून ती हसलीही होती.

आता तिचं बोट 'हो'वर गेलं, तिथेच थांबलं, मग खाली सरकलं. तिने 'नको' दाबलं. वैद्याने मान लववली आणि तो कोपऱ्यात परत जाऊन बसला.

"बरोबर केलंस," दारातून दीर म्हणाला.

वहिनीने खेळ सेव्ह न करता बंद केला.