बंद गाडीची भूक

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. ती तर पाणीसुद्धा फुंकून पिणाऱ्यांतली झाली होती. नवऱ्याला सोडून, आईला बरोबर घेऊन ती या गावात आली त्याला आठ महिने झाले होते. तिने फोनचा नंबर बदलला, दारावरची पाटी कोरी ठेवली, नवा पत्ता सख्ख्या भावालाही दिला नाही. भीती एकच, नवऱ्याला पत्ता लागायची. आईला मात्र तिने 'पटत नाही' एवढंच सांगितलं होतं. म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर लावायचा, असं तिला वाटलं होतं.

घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे हलते करणं हे तिचं काम. लोक तिला व्यायामवाल्या बाई म्हणत. गाडी अडली की पोटावरच पाय, आणि गेले दोन सोमवार गाडी चालू होताना कुरकुर करत होती. कडाक्याची थंडी पडायच्या आत बॅटरी दाखवून घ्यावी, म्हणून ती दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात गॅरेजवर आली.

गॅरेजवाल्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवल्याशिवाय हा गृहस्थ साधा स्क्रूसुद्धा पिळत नसे.

"ताई, नुसते व्होल्ट बघून बॅटरी कळत नाही," त्याने दोन चिमटे लावत सुरुवात केली. "बसल्या जागी काय, सगळेच ठणठणीत. ओझं दिलं की खरं कळतं." त्याने बटण दाबून धरलं. काटा थोडा खाली आला आणि तिथेच ठाम राहिला. "बघा! दोन हिवाळे तरी मरत नाही ही."

"मग सोमवारी काय होतं तिला?"

"शनिवार-रविवार गाडी उभी असते ना? उभ्या उभ्या कोणीतरी करंट खातंय."

त्याने बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावलं. "बंद गाडीलाही थोडी भूक असते. घड्याळ असतं, कुलूप असतं. पण ही चार माणसांचं जेवतेय." मग तो एकेक फ्यूज काढून मीटर बघत बसला. दिव्यांचा, भोंग्याचा, रेडिओचा. आकडा हलेना. सातव्या फ्यूजला तो धाडकन खाली आला.

"सापडला चोर!" मास्तर टॉर्च दातात धरून स्टिअरिंगखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिच्या दोन तारा लोंबत होत्या.

"गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवते ही. चोरीच्या भीतीने बसवली असेल तुम्ही. पण जोडणाऱ्याने काम कच्चं केलंय."

"मी काही बसवलं नाही," ती म्हणाली. "खूप जुनी असेल. मी इथे यायच्या आधीची."

"जुनी कसली?" मास्तरने तारेवर अंगठा फिरवला. "बाकी सगळीकडे धुळीचा थर आणि ही टेप नवी कोरी. पंधरा दिवस झाले असतील फार तर. आणि दार कुठे उचकटलेलं नाही. किल्लीनेच उघडलंय."

"आता बंद आहे ना ती?"

"आत छोटा सेल असतो हिच्या. पुरवठा तुटला की हिचं पहिलं काम म्हणजे ज्याची आहे त्याला निरोप पाठवणं." त्याने घड्याळ बघितलं. आता त्याच्या आवाजातली शिकवणी संपली होती. "फ्यूज काढून अर्धा तास झाला, ताई."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी तशीच कुरकुरत चालवली असती तर नवऱ्याला काही कळलं नसतं. गाडीची दुसरी किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात होती, आणि त्या घरात तिसरं माणूस नव्हतं. तिने आईला फोन लावला.

"आई, गाडीची किल्ली कोणाला दिली होतीस?"

"रागावू नकोस गं. मीच जावयांना फोन केला होता. किती दिवस अशी एकटी राहणार तू? बिचारे लगेच आले. म्हणाले, थंडी येतेय, तिच्या गाडीची बॅटरी तेवढी बघून देतो. तिला सांगू नका, उगाच चिडेल. बघ, अजून काळजी आहे त्यांना तुझी."

आपलेच दात, आपलेच ओठ. रागवायचं तरी कोणावर? गप्प तर तीच राहिली होती.

"आई, नीट ऐक. माझं मनगट जिन्यावरून पडून मोडलं नव्हतं. त्याने दारात घालून मोडलं. दोनदा. दाराला आतून कडी लाव आणि तो आला तर उघडू नकोस."

आई बोलली ती इतक्या हळू, की तिला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"अगं, ते आलेत. केव्हाचे आलेत. तू गॅरेजवर कशाला गेलीस, विचारत होते. आत हात धुतायत."

नळ बंद झाल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट आला.