तोंडावर पदर

उज्ज्वला गेल्याचं कळलं तेव्हा चंद्रकांत सरांनी फोनचा रिसीव्हर तोंडापासून वीतभर लांब धरला होता.

प्लेगची साथ सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. अर्धं सुरत गावाकडे पळालं होतं. तिथल्या नवागामच्या गल्ल्यांत कापडाच्या लूमचा खडखडाट थांबल्यामुळे शेजारच्या घरात ताटली पडली तरी दचकायला होत होतं. एसटीडी बूथवाल्यानं रिसीव्हरला डेटॉलचं फडकं गुंडाळलं होतं, तरी सरांचा भरवसा नव्हता. कोण कोण त्यात खोकून गेलं असेल! म्हणून ते लांबूनच ओरडत होते आणि तिकडून त्यांचा मेहुणा ओरडत होता.

“दाजी, ताईला साप चावला. धुळ्याला नेता नेता वाटेतच गेली हो ताई.”

मेहुण्याला हे तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर सरांनी जे विचारलं, ते आठवलं की अजूनही त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ते म्हणाले, “पण तोंडाला रुमाल बांधत होती ना ती?”



उज्ज्वलाला त्यांनीच पाठवलं होतं. बातमी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, माणसांच्या लोंढ्यात तिला भुसावळकडच्या गाडीत कोंबलं, खिडकीतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या आणि फलाटावर उभं राहून भाषण केलं. “गावात गेल्या गेल्या कुणात मिसळू नकोस. थोडे दिवस वेगळी झोप. आपण शिक्षक आहोत, आपणच नियम पाळले नाहीत तर लोकांना काय सांगणार?”

“अहो, माहेरी चाललेय मी. जेलमध्ये नाही,” ती म्हणाली. मग गाडी हलताना खिडकीतून ओरडली, “आणि त्या उंदरांचं नंतर बघा! आधी शाळेच्या टाकीला झाकण बसवा. शाळा उघडल्यापासून सांगतेय मी!”

“आता साथीचं बोल गं,” सर म्हणाले.

तेच त्यांचं शेवटचं बोलणं. तिनं नवऱ्याचं ऐकलं. ती भावाच्या घरात न झोपता खळ्यावरच्या खोलीत एकटी झोपली. प्लेग तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. साप पोहोचला.

सर स्वतः सुरतेत का राहिले, तर म्हणे शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. शाळा बंद होती आणि चोरून न्यावं असं तिच्यात काही नव्हतं. पण किल्ल्या होत्या.

गाड्यांचा तेव्हा भरवसा नव्हता. सर सासुरवाडीला पोहोचले तोवर राख सावडून झाली होती. गावानं त्यांना वाईट वागवलं नाही. फक्त सगळे जरा लांबून बोलले, आणि सरांना मनातून ते बरोबरच वाटलं. सुतकाचे दिवस त्यांनी त्याच खळ्यावरच्या खोलीत काढले. डोकं भादरून, टोपी घालून परत आले तेव्हा नवागामच्या ओळखीच्या गल्लीत त्यांना ओळखायला कुणी उरलंच नव्हतं. खानदेशातली माणसं खानदेशात होती. दारावर बसायला, दुखवट्याला, एक माणूस आलं नाही. येणार कुठून?

दसऱ्यानंतर शाळा सुरू करायचं ठरलं तेव्हा शिक्षण कचेरीतल्या साहेबांनी सरांना बोलावलं. साहेब गुजराती, माणूस वाईट नव्हता. आधी त्यांनी हात जोडून दुःख व्यक्त केलं आणि मग कामाचं बोलले. सरांच्या मराठी शाळेतला पहिलीचा वर्ग उज्ज्वलाचा होता. आता बाई नाहीत. पहिल्या दिवशी पहिलीची मुलं आली तर वर्ग ठेवू, दुसऱ्या बाई देऊ. आली नाहीत तर वर्ग बंद. जी येतील ती रेल्वे लाइनीपलीकडच्या शाळेत बसतील.

 सहा-सहा वर्षांची पोरं, आईबाप लूमवर, आणि मध्ये रेल्वेची लाइन. हा वर्ग उज्ज्वलानं घरोघर फिरून गोळा केलेला होता. ज्या घरात पोरगं दिसेल त्या घरात ती चहाला बसायची आणि पोरगं घेऊनच उठायची. सरांना चहा मिळायचा नाही, पण वर्ग झाला होता.

“आवशे साहेब, छोकरां आवशे,” सर म्हणाले. येतील, मुलं येतील.

म्हणाले खरं, पण कचेरीच्या पायऱ्या उतरतानाच त्यांना शंका आली. बाई प्लेगच्या दिवसांत गेल्या. लोक काय समजणार? बाई प्लेगनं गेल्या, असंच समजणार. मग आपलं पोर त्या वर्गात कोण बसवील? आणि बाईंच्या नवऱ्याच्या हाताखाली कोण देईल?

यावर सरांनी उपाय काढला. शाळा इतकी सुरक्षित करायची, की बघणाऱ्याला भीती वाटायचं कारणच राहू नये.

शाळेचा पट्टेवाला दगा तेवढा परत आला होता. त्याला हाताशी धरून सर कामाला लागले. फाटकापासून वर्गापर्यंत जंतुनाशक पावडरीचे पट्टे ओढले. ते इतके जाड झाले की सरांची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली आणि गिरणीत दळण टाकून आल्यासारखे ते दिसू लागले. पिंजरे लावले. त्यांत उंदीर एकही सापडला नाही, दगाचा अंगठा मात्र सापडला. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला, तो इतका की चिमण्या उडून गेल्या आणि शेजारचे लोक आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावत आले. दगा कामावर आला की सर आधी त्याचं कपाळ बघायचे, मग जीभ, मग काखेत गाठ.

“सर,” दगा एकदा हात वर करून उभा असताना म्हणाला, “मी उंदीर शे का?”

“नियम म्हणजे नियम, दगा.”

“मंग तुमनी काख कोण दखस?”

सरांची काख कोण बघतं, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी जागच्या जागी विषय बदलला.

फाटकाशी मोठा फळा लावला. त्यावर रंगीत खडूनं लिहिलं: तोंडावर कापड बांधा. गर्दी करू नका. हात धुऊनच आत या. अक्षर फार सुंदर आलं. सर त्याच्याकडे मागे सरकून बघत राहिले, तेव्हा त्यांचा पाय एका पिंजऱ्यात पडला. साबणाच्या वड्या आणल्या, त्या टाकीच्या कठड्यावर मांडल्या. टाकी उघडीच होती. झाकणाचं सुताराला सांगायला हवं, असं सरांच्या मनात आलं, पण सुतार अजून गावाहून आलेला नव्हता आणि पावडरीचा एक पट्टा वाकडा झाला होता. सर तो सरळ करायला गेले.

गावाहून लोक परतू लागले तसं दगाला त्यांनी गल्लीगल्लीत पाठवलं. “सांग सगळ्यांना. सोमवारी शाळा. तोंड झाकून यायचं.”

शाळा सकाळची होती. सोमवारी सर अंधारातच घराला कुलूप लावून निघाले. तोंडाला रुमाल, गळ्यात शिट्टी, हातात वेळूची काठी. ही काठी त्यांनी मुद्दाम हातभर मापाची कापून घेतली होती, दोन मुलांमध्ये धरायला. दगानं घंटा दिली. सर फाटकात उभे राहिले.

कुणी आलं नाही.

दगानं पुन्हा घंटा दिली. एक बकरी आली. तिनं पावडर हुंगली, शिंकली आणि गेली.

“सर, कोणीच येत नही,” दगा म्हणाला.

“दिसतंय मला.”

ऊन चढलं. साहेब केव्हाही येणार होते. सरांनी पहिलीच्या वर्गात डोकावून बघितलं. पट्ट्या सरळ अंथरलेल्या, फळा पुसलेला, आणि भिंतीवर उज्ज्वलानं चिकटवलेली कागदी बदकं. इतकी स्वच्छ शाळा आयुष्यात झाली नव्हती. माणसंच नव्हती तर घाण करणार कोण? मला घाबरले, सर मनाशी म्हणाले. पावडरीला नाही, पिंजऱ्याला नाही, मला घाबरले. सगळ्या शाळेत न पुसलेली एकच वस्तू उरली, ती म्हणजे मी.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली.

एक-दोन नाही, घोळकाच होता. पुढे बाया, मागे डोक्याला रुमाल बांधलेले पुरुष, मध्येमध्ये पोरं. आणि बायांच्या तोंडावर पदर! एकजात सगळ्यांच्या. नाकापर्यंत ओढलेले, काहींनी तर पार डोळ्यांवर घेतलेले. सरांना गहिवरून आलं. फळा लोकांनी वाचला होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही वाचला होता.

“दगा, बघ! बघ रे! प्रत्येकीनं तोंड झाकलंय!”

दगानं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली. सरांना वाटलं, याला आपलं कौतुक वाटतंय.

पण घोळका चालला होता खांद्याला खांदा लावून. हे नियमात बसत नव्हतं. सरांनी रुमालाखाली शिट्टी सरकवून फुंकली. “एकेक! एकेक करून या! अंतर ठेवा!” काठी आडवी धरून ते पुढे धावले. “प्रमिलाबाई, मागे व्हा! भाईदास, तुम्ही सांगा ना त्यांना!”

प्रमिलाबाई म्हणजे भाईदासची आई. भाईदास लूमवर, त्याची मुलगी पहिलीत. म्हातारीनं मास्तरांची काठी हातानं बाजूला केली, पावडरीच्या सरळ पट्ट्यावर बैठक मारली, पदर आणखी खाली ओढला आणि गळा काढला.

“माय वं! मनी बाई वं! पोरेसले सोडीसन कथी गयी वं!”

पोरांना सोडून बाई कुठे गेली, हा सूर मागच्या बायांनी एका दमात धरला. मांडीला मांडी लावून सगळ्या बसल्या आणि रडू लागल्या. पुरुष भिंतीकडेला उकिडवे बसले. सर शिट्टी तोंडात धरून उभे. ती अजून वाजत होती, कारण श्वास आपोआप बाहेर येत होता.

जळगावात वाढलेला माणूस. दारावर येणाऱ्या बाया कशा येतात, तोंडावर पदर का घेतात, उंबऱ्याशी पोहोचताच सूर कसा लावतात, हे त्यांनी लहानपणापासून शंभर वेळा बघितलेलं. स्वतःच्या आईच्या वेळीही बघितलेलं. आणि त्या पदराला ते प्लेगचा रुमाल समजले होते.

“आम्ही तुमना घर गयथूत, मास्तर,” पहिला उमाळा ओसरल्यावर प्रमिलाबाई नाक पुसत म्हणाली. “कुलूप व्हतं. सकायपाईन वट्टावर बठेल व्हतूत. घरधनीच नही, ते रडानं कोणाजोडे?”

“सकाळपासून ओट्यावर? पण शाळा होती ना आज,” सर कसेबसे म्हणाले.

“शाया शेच. पन आधी दारवर, मंग शाया. बाईना घर न जाता पोरगी बाईना वर्गमा कशी धाडू?”

“आणि… लोक म्हणत असतील ना, की बाई प्लेगनं…”

म्हातारीनं पदर वर करून त्यांच्याकडे बघितलं. “कोण म्हने? साप चावना, सारा खानदेशले माहीत शे. तुमलेच कोणी सांगं नही का?”

भाईदास मागून म्हणाला, “सर, हमको तो गाव में ही मालूम पड्या. प्लेगवाली बात तो पहली बार तुम्हारे मुँह से सुनी.”

म्हणजे ही अफवा नवागाममध्ये एकाच घरात होती, आणि त्या घराला सकाळपासून कुलूप होतं.

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हुंदका आला. सासुरवाडीत आला नव्हता, खळ्यावर आला नव्हता. इथे आला, दगासमोर, पहिलीच्या पोरांसमोर. रुमाल ओला होऊन तोंडाला चिकटला, श्वास घेता येईना. गाठ मागे होती, ती बोटांना सापडेना.

“सोडा ते, मास्तर,” प्रमिलाबाई उठून गाठ सोडत म्हणाली. “तोंड झाकीसन बाया रडतीस. तुमी माणूस शेतस ना!”

भिंतीकडेला कुणीतरी हसलं. मग दोन-तीन बायाही रडता रडता हसल्या. सरही.

रडून झाल्यावर तोंड धुवायचं, ही रीतच. तोंड धुतल्याशिवाय दारावरून कुणी घरी जात नाही आणि घरात शिरत नाही. भाईदासनं सरांच्या हातावर पाणी घातलं, चूळ भरायला लावली. मग बायांनी तोंडं धुतली, पुरुषांनी धुतली, आणि आयांनी पोरांना बखोटीला धरून टाकीशी नेलं. हात, पाय, तोंड, सगळं धुवायला लावलं, कठड्यावरच्या साबणानं घासून घासून. जी पोरं सरांनी वर्षभर छड्या दाखवूनही नळाखाली हात धरत नव्हती, ती ओळीनं उभी राहून धूत होती. अंतर मात्र एकानंही ठेवलं नाही.

तेव्हाच साहेब आले. फाटकात थांबले. पावडरीत बसकण मारल्याच्या खुणा, बाजूला पडलेली काठी, डोळे सुजलेले मास्तर. “मास्तर, आ बधुं शुं चाले छे?”

हे सगळं काय चाललंय, ते सर सांगायला पुढे झाले, पण प्रमिलाबाईला वाटलं, साहेबही दारावरच आलेत. तिनं लोटा भरून पुढे केला. साहेबांनी क्षणभर लोट्याकडे बघितलं, सरांच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं, मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोंड धुतलं. नंतर पहिलीच्या दाराशी गेले. पट्ट्यांवर पोरं बसली होती, ओल्या तोंडांची, बदकांच्या खाली. साहेब मोजत बसले नाहीत. “राखो आ वर्ग,” एवढंच म्हणाले.

वर्ग राहिला. पावडरीचे पट्टे पायांनी विस्कटले आणि पुन्हा कुणी ओढले नाहीत. फळ्यावर आता सुविचार असतो. दगाची काख कुणी बघत नाही.

नव्या बाई दिवाळीनंतर येणार आहेत. तोवर पहिलीला सर स्वतःच शिकवतात, म्हणजे पोरं त्यांना बदकाचं गाणं शिकवतात. सुतार गावाहून आलाय. टाकीला झाकण अजून बसलेलं नाही.