धुळाची तांबडी

आटपाडीच्या पुढे माळावर एसटी थांबली आणि धुळा खाली उतरला, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि चालण्यात नवरदेवाचा तोरा. सांगलीला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून पंधरा दिवस तो माधवनगरला लेकीच्या घरी राहिला होता. आता त्या एका डोळ्यानं त्याला बाभळीचं पान न् पान दिसत होतं, आणि वाटेत भेटेल त्याला तो ते सांगत सुटला होता.

सत्तरीच्या माणसाला एवढा तोरा शोभत नाही, पण धुळाचा इलाज नव्हता. तीन वर्षं त्यानं हे दुखणं लपवलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की जेवणावर रुसायचा. मेंढक्याचे डोळे गेले की त्याला ओट्यावर बसवतात, भाकरी हातात देतात आणि कळपाचं काही विचारत नाहीत, हे त्यानं स्वतःच्या चुलत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून तो कानानं आणि हातानं कळप सांभाळत राहिला. कुणाला काही पत्ता नाही अशी त्याची खात्री होती. शेवटी पोरानं बसवलेल्या नव्या लोखंडी फाटकानं घोटाळा केला. धुळा त्यावर भर दुपारी धडकला, कपाळ फुटलं, आणि लेक त्याला हाताला धरून सांगलीला घेऊन गेली.

दारात रंगुबाई उभी होती. धुळानं चष्मा काढला आणि बायकोकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"ह्ये कवा झालं गं?" तो म्हणाला.

"काय?"

"क्यास. समदं पांढरं."

रंगुबाईनं पदर पुढे ओढला. "लय दीस झालं," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे धुळाला कळलं. पण बोललेलं परत कसं घ्यायचं हे त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

ओट्यावर एक पिशवी होती. त्यात पिवळे बिल्ले होते, मेंढ्यांच्या कानात टोचायचे, आकडे छापलेले. धुळाचा मुलगा कोंडीबा सरळ माणूस, त्यानं आडवळण न घेता सांगितलं. "आबा, उद्या डाक्टर येनार हायत लस द्यायला. तवाच बिल्लं मारून घिऊ. मेंडीला अन् पिल्लाला एकच आकडा. मंग कुनीबी पिल्लं लावील."

कुणीही. तो शब्द धुळाला बाभळीच्या काट्यासारखा टोचला. सगळा दिवस मेंढ्या माळावर चरतात आणि पिल्लं घरी बांबूच्या मोठ्या डालग्याखाली राहतात. सांजेला कळप परतला की पिल्लं सोडायची. जुन्या मेंढ्या आपलं पिल्लू वासावरून हुडकतात, पण पहिल्यांदा व्यालेल्या बावरतात. दांडगी पिल्लं मिळेल तिथं लुचतात आणि अशक्त उपाशी राहतात. तिथं हातानं एकेक पिल्लू त्याच्या आईला लावावं लागतं. त्या घरात ते काम धुळाचं होतं. सांगलीला जायच्या आधी व्यालेल्या प्रत्येक मेंढीच्या पिल्लाचं नाक त्यानं आपल्या धोतरानं पुसलं होतं. हेही काम कुणीही करणार असेल, तर ओटा काही लांब नव्हता.

"बिल्लं ऱ्हाऊ द्यात," तो म्हणाला. "आता तर चांगलं दिसतंय मला. आज सांजंला बगा. एक जरी चुकलं तर गपगुमान ओट्यावर बसतो."

सांजेला धूळ उडवत कळप आला. धुळा चष्मा लावून मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि एकेक मेंढी न्याहाळू लागला. सव्वाशे मेंढ्या, आणि त्यातल्या निम्म्या त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. ज्यांना तो रोज हाका मारायचा, ज्यांच्या कानाची घडी त्याच्या बोटांना पाठ होती, त्या सगळ्या परक्या गावच्या पाहुण्यांसारख्या त्याच्याकडे बघत होत्या.

पण आता माघार कशी घ्यायची! त्यानं डालगं उचललं. पिल्लांचा एकच कालवा झाला. पहिलंच हाताला आलं ते तांबडीचं पिल्लू, आवाजावरून त्यानं लगेच ओळखलं. तांबडी म्हणजे त्याची सगळ्यात लाडकी मेंढी, पहिलटकरीण. त्यानं नजर फिरवली. चिंचेखाली एक छान तांबूस मेंढी उभी होती. धुळा ऐटीत गेला आणि पिल्लू तिच्या कासेला लावलं.

मेंढीनं मागं वळून वास घेतला आणि अशी धडक दिली की पिल्लू दोन कोलांट्या खाऊन पडलं. धुळानं ते उचलून परत लावलं. मेंढीनं परत उडवलं. पिल्लू आता रडकुंडीला येऊन ओरडत होतं.

"आबा," कोंडीबा हळूच म्हणाला, "ती तांबडी न्हवं."

"मग तांबडी कुठाय?"

कोंडीबानं आईकडे पाहिलं. रंगुबाईनं मातीकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून एक मेंढी ओरडत वाट काढत आली, थेट पिल्लापाशी, आणि त्याला चाटू लागली. ती मेंढी कापसासारखी पांढरी होती. अंगावर कुठं तांबड्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

धुळा खाली वाकला. मेंढीचा डावा कान चाचपला. टोकाला तीच घडी, मुळाशी तीच गाठ.

"पांढरी हाय ही," तो म्हणाला. "पयल्यापासनं?"

"व्हय," रंगुबाई म्हणाली. "दीस बुडताना जल्मली. आई तांबडी हुती तिची. तुमी उचलून घेतलंसा अन् म्हनलासा, आईवानी तांबडीच निपजली बग. म्या तुमच्या डोळ्यांकडं बगितलं. तवाच कळलं मला."

"तीन सालं?"

"तीन सालं."

"अन् ह्येला बी?" त्यानं कोंडीबाकडे बोट केलं.

"समद्यांनाच," कोंडीबा म्हणाला. "आईनं सांगितलं हुतं, आबांनी ठेवलेलं नाव हाय, ह्या घरात तिला तांबडीच म्हनायचं."

धुळाला एकेक आठवू लागलं. पाण्याचा तांब्या तीन वर्षं एकाच जागी असायचा, उजव्या हाताला. काठी त्याच खांबाला. उंबऱ्यात कधी चप्पल आडवी आली नाही. तो स्वतःला मोठा हुशार समजत होता, आणि सगळं घर त्याचं आंधळेपण त्याच्याहून निगुतीनं लपवत होतं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण हे पाणी काही त्यांना विचारून येणार नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "बोललो हुतो, चुकलं तर ओट्यावर बसतो." आणि तो खरोखरच वळला.

"आवं, कुठं निगालासा?" रंगुबाई कडाडली. "पिल्लं उपाशी हायत. पटका वाईच खाली वढा डोळ्यांवर, अन् करा तुमचं काम."

धुळानं पटका ओढला. अंधार झाला, आणि त्या अंधारात सगळा कळप घरी परत आला. हे जाड खुराचं, बांडीचं. हे बोबडं ओरडणारं, भुंडीचं. हात पिल्लाला उचलायचे, मेंढीच्या कानाला लागायचे, तोंडातून नाव निघायचं. वीसच्या वीस पिल्लं लागली. चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज सगळ्या वाड्यात भरून राहिला.

धुळानं पटका वर केला. कोंडीबा बिल्ल्यांची पिशवी घेऊन उभा होता, परत ठेवून देतो म्हणत.

"ऱ्हाऊ दे. मार उद्या," धुळा म्हणाला. "म्या काय जल्माला पुरनार हाय व्हय? पर हाक नावानंच मारायची."

"अन् हिचं नाव? पांढरी करायचं का आता?"

"का म्हनून? तांबडी हाय ती."

रंगुबाई जवळ उभी होती. दिवस मावळत होता, आणि तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता. धुळानं तिच्याकडे चांगलं निरखून पाहिलं, एका डोळ्यानं, पण पुरेपूर.

"अन् तुझं क्यास काळं हायत," तो म्हणाला. "घरात समद्यांना सांगून ठेव."