थेंब जाईपर्यंत

बॅगेत सहा वस्तू होत्या: कॅमेरा, दोन बॅटऱ्या, चार्जर, माहितीपुस्तिका आणि एकच कोरी टेप. रोशनीने त्या टेबलावर ओळीने मांडल्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आलेली ही मुलगी फोडणीआधी मिरच्याही मोजते, असं तिच्या मैत्रिणी म्हणत. बाहेर उणे अकरा अंश होतं. आत बावीस पाहुणे होते आणि शेगडीवर भाताची दोन मोठी पातेली.

अंजनाताईच्या मुलीचं नामकरण होतं. नाव ठाऊक होतं फक्त अंजनाताईच्या वडिलांना, धर्मराजकाकांना. नागपूरला त्यांनी आणि काकूंनी मिळून ते ठरवलं होतं. काकूंना व्हिसा मिळाला नाही. काका निघताना त्यांनी एवढंच मागितलं, की नाव पहिल्यांदा घेतलं जाईल ते मला ऐकायचंय. परवा काका ती टेप घेऊन परत जाणार होते.

शूटिंगचं काम अंगावर घेतलेल्या बुद्धभूषणने मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा सुरू केला. पडद्यावर पाण्याचा थेंब लुकलुकू लागला, शेजारी टेप बाहेर काढायची खूण.

काकांनी लगेच निदान केलं, बॅटरीतलं पाणी संपलं. घरच्या इन्व्हर्टरमध्ये दर दोन महिन्यांनी न चुकता डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस. ते बॅटरी उलटीपालटी करून बूच शोधू लागले. अंजनाताईच्या मते कॅमेरा थंडीने आखडला होता, म्हणून तिने तो उचलून भाताच्या पातेल्याशेजारी ठेवला. रोशनीने तो वाफेतून जवळजवळ हिसकावला आणि पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण उघडलं. एकंदर चौदा इशारे होते. थेंब नववा.

"रात्री कॅमेरा कुठे होता?" तिने विचारलं.

बुद्धभूषण म्हणाला, गाडीत. सकाळी विसरायला नको म्हणून.

"म्हणजे विसरू नये म्हणून तू तो रात्रभर बर्फात ठेवलास."

"डिकीत. बर्फ बाहेर होता."

रोशनीने मग सगळ्यांना समजावलं. फ्रिजमधला पेला बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, तसंच कॅमेऱ्याच्या पोटात झालंय. आता टेप घातली तर ती आत चिकटून तुटेल, आणि टेप एकच आहे. झाकण उघडं ठेवून तासभर थांबायचं.

बुद्धभूषणला आयती संधी मिळाली. काकांनी आयुष्यात कधी मुहूर्त पाहिला नव्हता. स्वतःचं लग्नसुद्धा त्यांनी कामावरची पहिली पाळी संपवून दुपारी अडीचला लावलं होतं.

"काय काका, आयुष्यभर मुहूर्त पाळला नाहीत, आणि आता कॅमेऱ्याचा पाळताय?"

काका मनगटावरचं घड्याळ काढून कॅमेऱ्याशेजारी ठेवत म्हणाले, "पंचांगवाला कारण सांगत नव्हता रे. हिने सांगितलं."

मुहूर्तच नसल्यामुळे कुणाचंच काही बिघडलं नाही. जेवणं आधी उरकली. काका मात्र वाफेपासून दूर, आतल्या खोलीत, कॅमेऱ्याला राखण बसल्यासारखे बसले. त्यांचं ताटही तिकडेच गेलं.

बावन्नाव्या मिनिटाला रोशनीने कॅमेरा सुरू करून पाहिला. थेंब नव्हता. ती टेप घालायला निघाली, तर काकांनी तिचा हात धरला.

"पुस्तकात तास लिहिलाय ना?"

"काका, थेंब गेलाय."

"तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच घाई करणार?"

बुद्धभूषण मोठ्याने हसला. रोशनी खाली बसली आणि उरलेली आठ मिनिटं तिने घड्याळाकडे पाहत काढली.

मग टेप आत गेली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. काकांनी नातीला उचललं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नाव घेतलं, "उत्पला."

पाहुणे गेल्यावर रोशनीने टेप मागे नेली आणि कानाला हेडफोन लावून तपासली. एकूण रेकॉर्डिंग एकतीस मिनिटं आठ सेकंद. नाव सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर, आवाज स्पष्ट.